चाळीस सत्रांचे पैसे भरण्याआधी : एडीएचडी आणि न्यूरोफीडबॅक

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, राजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. एका जागी बसत नाही, वही अर्धीच राहते, बाईंच्या रोज तक्रारी. घाटावरच्या एका शहरातल्या केंद्राने 'ब्रेन मॅपिंग' केलं, थीटा-बीटा गुणोत्तर (मेंदूतल्या संथ आणि जलद लहरींचं प्रमाण) वाढलंय म्हणून एडीएचडीचं, म्हणजे अवधान न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचं, निदान केलं आणि न्यूरोफीडबॅकच्या (मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायला शिकवण्याच्या) चाळीस सत्रांचं पॅकेज सुचवलं. 'गोळ्यांची गरजच पडणार नाही' असंही सांगितलं. बाबा मुंबईला, घरी तुम्ही आणि सासूबाई. आगाऊ पैसे भरायचे की नाही, एवढंच तुम्ही विचारलंय.

आत्ता भरू नका. न्यूरोफीडबॅक ही फसवणूक नाही आणि त्याने मुलाला मोठी इजाही होत नाही, त्यामुळे कारण ते नव्हे. तुमच्यासमोर दोन प्रश्न आहेत: याला खरंच एडीएचडी आहे का, आणि असेल तर पहिला उपाय कुठला. ब्रेन मॅपिंगच्या त्या रंगीत नकाशातून यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

निदानापासून सुरुवात करू. एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही आणि ईईजीही (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) नाही. निदान होतं ते माहितीवरून. अवधान न टिकण्याची नऊ लक्षणं आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ, यांपैकी एका गटातली किमान सहा लक्षणं सहा महिने टिकलेली असावी लागतात, ती बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणूनच तुमच्या बाईंनी भरून दिलेला तक्ता त्या नकाशापेक्षा जास्त मोलाचा आहे. व्हँडरबिल्ट नावाची प्रश्नावली यासाठी वापरतात: पालकांसाठी एक, शिक्षकांसाठी एक, प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण. २ किंवा ३ गुण मिळालेली लक्षणं मोजायची. भारतीय मुलांसाठी इन्क्लेन या संशोधन संस्थेची प्रश्नावलीही आहे.

त्याआधी काही गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. डोळे आणि कान तपासा. हिमोग्लोबिन बघा. रात्री तोंड उघडं टाकून घोरत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कारण अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेल्या मुलाची झोप तुटते आणि दिवसा ते हुबेहूब एडीएचडीसारखं वागतं. वाचताना अक्षरं गाळतो का, शब्द अंदाजाने म्हणतो का, हे बाईंना विचारा. वाचनातच अडचण असेल तर वही अर्धी राहण्याचं कारण वेगळं निघू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बोलता-बोलता पाच-दहा सेकंद शून्यात बघून परत जागेवर येतो का? हाक मारली, हात लावला तरी त्या क्षणी प्रतिसाद नाही, असं दिवसातून बरेचदा होतं का? तसं असेल तर 'अ‍ॅब्सेन्स' प्रकारची फीट असू शकते. त्यासाठी मात्र ईईजी हवाच, पण न्यूरॉलॉजिस्टने वाचलेला, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावून काढलेला. लहान मुलाला भिंगरी फुंकायला दिली की ते सहज होतं. मॅपिंगच्या अहवालावर न्यूरॉलॉजिस्टची सही आहे का, तेवढं बघून ठेवा.

आता तो नकाशा. थीटा म्हणजे साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या संथ लहरी, बीटा म्हणजे १३ ते २१ हर्ट्झच्या आसपासच्या जलद. एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटात हे गुणोत्तर सरासरीने जास्त दिसतं, असं जुन्या अभ्यासांत आढळलं होतं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यावर आधारलेल्या एका यंत्राला परवानगीही दिली, पण डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणून, तपासणीच्या जागी नव्हे. त्याच वर्षी सगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की या गुणोत्तरावरून एकेका मुलाचं निदान करता येत नाही. २०१६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीनेही संशोधनाबाहेर त्यावर विसंबू नका असंच सांगितलं. कारण साधं आहे: हा आकडा सहज डळमळतो. लहान मुलांत थीटा मुळातच जास्त असतो आणि वयाबरोबर तो कमी होतो. पेंगलेल्या मुलात तो वाढतो. पहाटे उठवून, तीन-साडेतीन तास एसटीत बसवून, अणुस्कुरा घाट चढवून नेलेल्या मुलाच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावले तर थीटा वाढलेलाच येणार. यंत्र लहरीची उंची मोजतं की शक्ती, यावरही आकडा बदलतो. उंचीचं गुणोत्तर २ असेल तर शक्तीचं ४ येतं. मूल तेच, लहरी त्याच, आणि एका अहवालात '२' तर दुसऱ्यात '४'. तुमच्या अहवालात यातलं काय मोजलंय आणि कुठल्या वयोगटाशी ताडून पाहिलंय, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा वाचताच येत नाही.

सत्रात नेमकं काय चालतं, ते कळलं तर पुढचं समजायला सोपं जाईल. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजतात. ते अंतर ३४ सेंटिमीटर असेल तर १७ वर, आणि दोन्ही कानांच्या मधोमध, टाळूवर एक बिंदू येतो. त्याला सीझेड म्हणतात. तिथली त्वचा खरखरीत जेलने हलकेच घासून, पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानाच्या पाळ्यांना दोन क्लिपा लावतात. पडद्यावर एखादा खेळ किंवा कार्टून असतं. थीटा ठरवलेल्या रेषेखाली आणि बीटा रेषेवर राहिला की विमान उडतं, नाही तर थांबतं. असे दोन-तीन मिनिटांचे फेरे, मध्ये विश्रांती, एकूण वीस ते तीस मिनिटांचा सराव. आठवड्यातून दोन-तीन वेळा, तीस ते चाळीस सत्रं. डोक्यात वीज सोडत नाहीत. तारा फक्त ऐकतात. थीटा उतरवून बीटा वाढवायची हीच पद्धत सगळ्यांत जास्त वापरली जाते. १२ ते १५ हर्ट्झच्या एसएमआर लहरी वाढवणं ही दुसरी, आणि मेंदूतले अगदी संथ विद्युत बदल स्वतःहून वर-खाली करायला शिकणं ही तिसरी. संशोधनात 'प्रमाणित' समजतात त्या या तीनच. मेंदूच्या एकोणीस जागा एकदम 'दुरुस्त' करणारं काही सांगत असतील तर ते यात मोडत नाही.

सत्रं बिघडतात कशी, हे मात्र कुठल्याच पत्रकात छापलेलं नसतं.

पहिली अडचण म्हणजे खोबरेल. आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर तेल नाही असं होत नाही, आणि तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड धड बसत नाही. संपर्काचा अडथळा ५ किलोओहमच्या खाली हवा. नवी यंत्रं थोडा जास्तही चालवून घेतात. पंचवीस-तीस दिसत असताना सत्र सुरू केलं तर पडद्यावर मेंदूपेक्षा गोंगाटच जास्त दिसतो. सत्राच्या आदल्या रात्री शांपू, सकाळी तेल नाही, हा नियम मी पहिल्याच दिवशी सांगते. केंद्राने तुम्हाला तो सांगितला का?

दुसरी अडचण घामाची. एप्रिल-मे महिन्यांत किनारपट्टीच्या दमट हवेत, एसी नसलेल्या खोलीत घामाने अगदी संथ लहरी हेलकावे खातात आणि थीटाचा आकडा खोटाच फुगतो. डोळ्यांची उघडझापही तेच करते. तिसरी, ५० हर्ट्झची विजेची घरघर. जांभ्याच्या सड्यावर बांधलेल्या इमारतींचं अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं. त्यात स्वस्तातला इन्व्हर्टर चालू असला की आलेखावर जाड पट्टाच उमटतो. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला तर तो बराच कमी होतो.

चौथी सगळ्यांत लबाड आहे. जबडा आवळला की स्नायूंची वीज बीटाच्या पट्ट्यात मिसळते. यंत्राला वाटतं बीटा वाढला, गुणोत्तर उतरलं, विमान उडालं! मूल हुशार असतं, त्याला चार फेऱ्यांत हे सापडतं, आणि मग ते चाळीस सत्रं दात आवळायला शिकतं. हे टाळायला स्नायूंचा वेगळा पट्टा लावून तो वाढला की बक्षीस बंद करावं लागतं, आणि तंत्रज्ञाने पडद्याकडे नव्हे, मुलाच्या गालाकडे बघत बसावं लागतं.

पाचवी म्हणजे आपोआप सरकणारी रेषा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते की मुलाला काही झालं तरी साठ-सत्तर टक्के वेळा बक्षीस मिळत राहावं, म्हणजे ते कंटाळत नाही. पण मग मूल शिकलं काय, न शिकलं काय, विमान तेवढंच उडतं. 'आज सत्तर टक्के स्कोअर आला' असं कुणी सांगितलं तर रेषा स्थिर होती की सरकती, एवढं जरूर विचारा.

आता मुख्य मुद्दा, उपयोग होतो का. हे तंत्र आलं साठच्या दशकातल्या प्रयोगांतून. कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना एसएमआर लहरी वाढवायला शिकवलं होतं. जोएल लुबर यांनी १९७६ मध्ये अतिचंचल मुलावरचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढच्या तीस वर्षांतले बहुतेक अभ्यास उत्साहवर्धक होते आणि केंद्रं आजही तेच दाखवतात. त्यांत अडचण एकच होती: मुलाला सत्रं चालू आहेत हे गुण देणाऱ्या आई-वडिलांना माहीत होतं. ज्यांना ते माहीत नव्हतं अशांचे, म्हणजे बहुधा शिक्षकांचे, गुण वेगळे काढले की फायदा जवळपास नाहीसा होतो, असं २०१३ आणि २०१६ च्या एकत्रित विश्लेषणांत दिसलं.

मग अमेरिकेत दोन ठिकाणी एक नेटकी चाचणी झाली. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं, सगळ्यांचं थीटा-बीटा गुणोत्तर ४.५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे नेमकी तुमच्या मुलासारखी, ज्यांना हा उपचार 'लागू पडतो' असं म्हणतात ती. काहींना खरं न्यूरोफीडबॅक मिळालं. बाकीच्यांना हुबेहूब तसंच दिसणारं खोटं, ज्यात पडद्यावरचा खेळ आधीच रेकॉर्ड केलेल्या ईईजीवर चालत होता. कोण कुठल्या गटात हे मुलांना, पालकांना, तंत्रज्ञांना कुणालाच माहीत नव्हतं. अडतीस सत्रं झाली, नंतर तेरा महिन्यांपर्यंत पाठपुरावा. निकाल २०२१ मध्ये आला: दोन्ही गट सुधारले, चांगलेच सुधारले आणि सुधारणा टिकली, पण दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. अलीकडे, २०२४ च्या शेवटी, ३८ चाचण्या एकत्र करून पाहिलेलं विश्लेषण आलं. त्यातही एकंदर फायदा दिसला नाही. फक्त प्रमाणित पद्धतींच्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर थोडा दिसला, पण तो इतका लहान की घरात जाणवेल असं नाही.

'दोन्ही गट सुधारले' हे वाक्य परत एकदा वाचा, ताई. केंद्रात जाऊन आलेले पालक 'आमच्यात फरक पडला' म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. फरक पडलेला असतो. तो तारांमुळे पडल्याचा पुरावा नाही. मग कशामुळे? काही वाटा काळाचा असतो. आपण डॉक्टरकडे धावतो तेव्हा सगळं अगदी हाताबाहेर गेलेलं असतं, आणि तिथून ते थोडं आपसूकच उतरतं. उरलेल्याबद्दल माझा अंदाज असा: आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी, एका शांत खोलीत, एक मोठं माणूस फक्त या मुलाकडे बघत बसतं, छोटे फेरे, मध्ये विश्रांती, प्रत्येक जमलेल्या गोष्टीला तिथल्या तिथे शाबासकी, आणि घरचे महिनाभर ओरडायचे थांबून वाट बघतात. यातलं काहीही घाट चढून आणावं लागत नाही.

तेच घरी करायचं. बाईंशी बोलून एक रोजचं कार्ड ठरवा, पाठकोऱ्या कागदाचं चालेल. त्यावर तीनच गोष्टी, नेमक्या आणि डोळ्यांनी दिसणाऱ्या: गृहपाठ वहीत उतरवून घेतला, गणिताच्या तासाला जागा सोडली नाही, डबा, बाटली, वही परत आणली. 'नीट वागला' असलं काही लिहू नका, ते मोजता येत नाही. बाई फक्त बरोबरची खूण करतात, अर्ध्या मिनिटाचं काम. दोन खुणा आल्या की त्याच संध्याकाळी ठरलेलं बक्षीस: अर्धा तास जास्त क्रिकेट, सायकल, बाबांना व्हिडिओ कॉल. रविवारपर्यंत थांबवलं तर त्याचा उपयोग नाही. या मुलांना लांबचं बक्षीस दिसत नाही. सुरुवातीला गोष्टी इतक्या सोप्या ठेवा की चार दिवसांतले तीन दिवस तो जिंकेल. आठवडाभर रोज हरला तर चूक कार्डाची आहे, ते सोपं करा.

अभ्यास दहा-बारा मिनिटांचा, मग तीन-चार मिनिटं उठून हिंडणं, मग परत. स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं काम त्याच्या कानात शिरत नाही. जवळ जायचं, नाव घ्यायचं, एकच गोष्ट सांगायची आणि दहा सेकंद गप्प राहायचं. आजीला हे आधी समजावून सांगा. तुम्ही नाही म्हणालात आणि आजीने हळूच मोबाईल दिला तर कार्ड आठवड्यात मरतं. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. वर्गात त्याची जागा बाईंच्या टेबलाजवळ, खिडकी-दारापासून लांब असावी. एका खोलीत दोन इयत्ता बसत असतील तर हे जास्तच लागतं, कारण अर्धा वेळ शिकवणं त्याच्यासाठी नसतंच.

गोळ्यांबद्दल केंद्राने तुम्हाला घाबरवलंय, म्हणून स्पष्ट सांगते. सहा वर्षांवरच्या मुलात लक्षणं मध्यम ते तीव्र असतील तर मिथाइलफेनिडेटचा पुरावा न्यूरोफीडबॅकपेक्षा कितीतरी भक्कम आहे. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करते आणि तीन-चार तासांत उतरते, त्यामुळे उपयोग होतोय की नाही हे काही दिवसांतच कळतं. भूक कमी होणं आणि झोप उशिरा लागणं हे नेहमीचे त्रास. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब ठरावीक काळाने बघावे लागतात. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अ‍ॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. गोळी द्यायची की नाही हा निर्णय मुलाला तपासलेल्या डॉक्टरांचा आणि तुमचा; सौम्य लक्षणांत कार्डावरच भागतं. एक व्यावहारिक अडचण मात्र आधीच माहीत असू द्या. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या औषधयादीत येतं. दुकानाला त्याचा वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. राजापूरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये सहज मिळेल असं धरू नका. चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना विचारा कुठे मिळेल, आणि पावसाळ्यात चार दिवसांच्या गोळ्या हाताशी असतानाच पुढची फेरी मारा.

दाखवायचं कुठे? रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचार विभागाची चौकशी करा. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. नाव ऐकून लोक कचरतात, पण केसपेपर काढून दाखवून यायला कुणी दाखल करून घेत नाही. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून येतं. त्यांना सांगितलं तर ते जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एवढं सगळं वाचूनही न्यूरोफीडबॅक करून बघावंसं वाटू शकतं. बाबांचा गोळीला ठाम विरोध असला तर तसं होतं. काही घरांना ते परवडतं, केंद्र दहा मिनिटांवर असतं, तिथे मी अडवत नाही. तुमचा हिशेब वेगळा आहे. समजा एका सत्राचे हजार रुपये धरले तर चाळीस हजार तिथे. तुमचं एसटीचं तिकीट अर्धं, त्याचंही अर्धं, तरी जाऊन-येऊन ऐंशी प्रवास. आठवड्यातून दोन सत्रं म्हणजे दोन दिवस शाळा बुडणार, पाच महिने; म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या मुलाची चाळीस दिवसांची शाळा. मधे गणपती, मधे घाटात दरड. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला की केंद्र सांगणार, 'सातत्य नव्हतं म्हणून गुण आला नाही.'

तरीही करायचं झालं तर एका वेळी दहा सत्रांचेच पैसे द्या. सुरू करण्याआधी दोन आठवडे रोजच्या कार्डावरच्या खुणा मोजून ठेवा आणि बाईंकडून प्रश्नावली भरून घ्या. सत्रं कधी सुरू झाली हे बाईंना सांगू नका; प्रवासाचं कारण दवाखाना एवढंच पुरे. वीस सत्रांनंतर त्याच बाईंकडून तीच प्रश्नावली परत. एकूण गुण पाव ते एक तृतीयांशाने उतरले नसतील तर मी थांबवते. तुलना शाळेच्या दिवसांचीच करा. मार्चमध्ये सुरू करून मे महिन्यात 'बरा वाटतोय' म्हटलं तर त्यात नवल नाही. मे महिन्यात शाळाच नसते, आणि आंब्याच्या बागेत कुठल्याच मुलाला एका जागी बसायला सांगत नाहीत. डोकेदुखी, चिडचिड, थकवा असे त्रास सत्रांनंतर क्वचित होतात आणि एक-दोन दिवसांत जातात. फीटचा पूर्वेतिहास असेल तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

रत्नागिरीला पहिल्यांदा जाल तेव्हा केंद्राचा अहवाल नेला तरी चालेल, पण त्याआधी हे पिशवीत टाका: बाईंनी आणि तुम्ही वेगवेगळ्या भरलेल्या प्रश्नावल्या, पहिली ते चौथीची प्रगतिपुस्तकं, एक अर्धी राहिलेली वही, चष्म्याचा नंबर काढला असेल तर तो कागद, आणि तो झोपलेला असताना मोबाईलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, घोरण्याच्या आवाजासकट. बाबांना त्या दिवशी यायला जमत नसेल तर डॉक्टरांसमोरच त्यांना फोन लावा. गोळीची चर्चा निघाली तर ती त्यांनी थेट डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेली बरी.